खंडेनवमीची वही

“यंदा वही नाई काढली तुमी?” कुंदानं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

श्रीरंग भुसारी दारातल्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होता. पट्टा केव्हाच लागला होता. पण वाकून राहिलं की उत्तर द्यायला जरा वेळ मिळतो, म्हणून तो वाकूनच राहिला.

“पाठ हाय आता,” तो म्हणाला.

“पाठ हाय म्हणे! परवा भाजीची पिशवी दुकानात इसरून आले.” कुंदा स्टीलचा डबा घेऊन बाहेर आली. आत छोट्या वाट्यांत पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू, अक्षता आणि वर झेंडूची फुलं होती. “हे घ्या. अन् पयले गावंडे सरांकडं जा, दरसालसारखं. किती महिने झाले, तिकडं फिरकलेच नाई तुमी. म्हातारा माणूस काय म्हणत असंल?”

म्हातारा माणूस काय म्हणत असेल, हा प्रश्न श्रीरंग फेब्रुवारीपासून गिळून बसला होता. कुंदाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि वही काढली नव्हती असंही नाही. पहाटे ती उठायच्या आत त्यानं ती फडक्यात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकली होती. का टाकली, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं.

वही म्हणजे तसं काही मोठं प्रकरण नव्हतं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची, आणि शस्त्र म्हणजे ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं अवजार. श्रीरंगचे वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. ते पान्याला आणि कानशीला कुंकू लावायचे. श्रीरंगनं शहाण्णव साली चेरीताल या वस्तीच्या तोंडाशी कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान काढलं, तेव्हा त्याला प्रश्न पडला, आपलं अवजार कोणतं? त्यानं पेचकसाला कुंकू लावून पाहिलं, पण मनाचं समाधान होईना. त्याच्या हातची मशीनं तर लोकांच्या घरी जाऊन बसलेली. मग त्यानं कुंकवाचा डबा उचलला आणि ज्याच्या ज्याच्याकडे आपलं मशीन आहे त्याच्या घरी जाऊन कुंकू लावून आला. पहिल्या वर्षी अकरा घरं झाली.

लोक हसले. पण दुसऱ्या वर्षी वाट पाहू लागले. श्रीरंग यायचा, मशीनवरची धूळ फुंकायचा, कुंकू लावायचा, फूल वाहायचा आणि जाता जाता एखादा बिघाडही फुकटात काढून द्यायचा. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, त्याला विसावा, हा श्रीरंगचा नियम. मारवाडी, बंगाली, सिंधी, सगळे तो पाळायचे. “भुसारी भैया, हमारे यहाँ कब आ रहे हो?” असे फोन आधीच येऊ लागले. एवढी घरं लक्षात राहीनात म्हणून त्यानं वही घातली. नाव, पत्ता, मशीनं किती, कुठल्या खोलीत, आत काय काय भरलंय, कुणाचा माउस अडतो आणि कुणाकडे साबुदाणावडा चांगला मिळतो, सगळं तीत होतं. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, वहीत चौऱ्याण्णव घरं होती. जावयानं सासरी मिरवावं तसा तो त्या दिवशी शहरभर मिरवायचा.

आता त्या मशीनांच्या आत काय भरलेलं होतं, तेही सांगायला हवं. सगळीकडे एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. तिचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. नुसतं ‘कंपनी’ म्हटलं तरी पुरायचं, कारण जगातलं जवळजवळ कुठलंही मशीन सुरू केलं की आधी तिचंच चिन्ह दिसायचं. श्रीरंगच्या पिशवीत त्या सॉफ्टवेअरची एक सीडी असायची. ती चौऱ्याण्णव घरं फिरली होती. परवाना वगैरे कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. याला कायद्यात चोरी म्हणतात हे श्रीरंगला ठाऊक होतं, पण प्रसाद वाटल्यासारखी जी गोष्ट वाटली जाते ती चोरी वाटत नाही, आणि त्यालाही वाटली नाही.

मग गेल्या नवमीनंतर पंधरा दिवसांनी कंपनीच आली.

सिव्हिल लाइन्समधल्या हॉटेलात बैठक होती. शहरातले वीस-बावीस दुकानदार बोलावले होते. प्रत्येकाच्या खुर्चीवर नावाची चिठ्ठी, पुढे काजूची वाटी. दिल्लीचे एक साहेब तासभर बोलले. त्यात ‘पार्टनर’ हा शब्द इतक्या वेळा आला की श्रीरंगला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. आजवर सगळ्यांनी त्याला ‘कॉम्प्युटरवाला’च म्हटलं होतं. आता दुकानावर कंपनीच्या चिन्हाची पाटी लागणार होती, भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र. कराराची अकरा पानं घेऊन तो घरी आला आणि इंग्रजी पक्कं कळावं म्हणून दुसऱ्या दिवशी ती गावंडे सरांकडे घेऊन गेला.

तुळशीराम गावंडे चाळीस वर्षं चेरीतालमध्ये टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होते. श्रीरंग मॅट्रिकनंतर त्यांच्याकडेच टायपिंग शिकला. पेन्सिल घेऊन परीक्षेचा कागद तपासायचा, प्रत्येक चुकीभोवती गोल काढायचा आणि समासात चुकांची बेरीज लिहायची, ही सरांची रीत. बोलायचे काही नाहीत. करारही त्यांनी तसाच वाचला, पेन्सिल घेऊन, अकराही पानं.

“‘कंपनी करू शकते’ असं चवदा जागी लिवलं हाय,” ते शेवटी म्हणाले. “‘भागीदार करू शकतो’ असं एका जागी दाखव मले.”

“सर, ते कायद्याची भाषा असते.”

“असंल. पण एकाच्याच सहीनं कागद बदलत असंल त ते भागीदारी नाई रे बापा, ते नोकरी होय. अन् नोकरीत पगार त भेटते.”

श्रीरंग जरा फुरंगटला. “जमाना बदलला, सर. दुनियाभर त्यायचंच चालून राहिलं. त्यायच्यासंग नाई राहाचं त कोणासंग राहाचं?”

“दुनियाभर चालते म्हणूनच म्हणून राहिलो. ज्याले तुयी गरज नाई तो तुले भागीदार काहून करंल? तुयापाशी असं काय हाय जे त्यायच्यापाशी नाई, ते आधी पाय. तेच मांगतीन ते.”

श्रीरंग हसला. माझ्यापाशी काय असणार? एक दुकान, एक स्कूटर. सर म्हातारे झाले, त्याच्या मनात आलं, आणि त्यानं सही केली.

मग फॉर्म आला. आपले ग्राहक कोण, मशीनं किती, कंपनीचं काय काय वापरतात, परवाना आहे का. साहेबांनी फोनवर समजावून सांगितलं. “भुसारी जी, जितनी लंबी लिस्ट, उतना बड़ा पार्टनर. और जहाँ लाइसेंस नहीं है, वो तो ज़रूर लिखिए. वहीं तो आपका धंधा है. रियायत में आप ही के हाथ से दिलवाएँगे.”

श्रीरंगनं दुकानात पंखा बंद करून, कागद उडू नयेत म्हणून, दोन दुपारी बसून फॉर्म भरला. समोर खंडेनवमीची वही उघडी. कुठलंही घर त्यानं गाळलं नाही. गाळावं असं मनातही आलं नाही, उलट एकेक नाव उतरवताना छाती फुगत होती. पाहा म्हणावं, एवढ्या लोकांचा माझ्यावर जीव आहे! शेवटच्या रकान्यात तो ‘नाही, नाही, नाही’ असं चौऱ्याण्णव वेळा लिहीत गेला.

एका ठिकाणी मात्र हात अडला होता. वहीत लिहिलं होतं : गावंडे सर, बाहेर ७, आत १. बाहेरची सात शिकणाऱ्यांची. आतलं एक शकुचं. शकु सरांची मुलगी. अमरावतीहून, सासरहून, कायमची परत आलेली. आतल्या खोलीत बसून ती विद्यापीठातल्या लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. मुलगी माघारी येऊन घर चालवते हे गल्लीला कळू नये म्हणून कागद सरांच्या हातून आत जायचे आणि सरांच्याच हातून बाहेर यायचे. ते आठवं मशीन श्रीरंगनं स्वतः मागच्या दारानं नेऊन बसवलं होतं. बापलेक आणि तो सोडून चौथ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. फॉर्मवर सात लिहायचे की आठ, असा त्यानं क्षणभर विचार केला. सातापेक्षा आठ बरे दिसतात, एवढ्याच कारणानं त्यानं आठ लिहिले.

फेब्रुवारीत शहरात सहा ठिकाणी कोर्टाचा हुकूम घेऊन माणसं आली. चौऱ्याण्णवातली सहाच, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून. त्या सहांत गावंडे टायपिंग इन्स्टिट्यूट होतं.

सकाळी अकराला सरांचा फोन आला. “श्रीरंग, जरा येऊन जा बरं. हे लोक मशीनं नेतो म्हणून राहिले. काय भानगड हाय, पाय एकदा.”

श्रीरंग दुकानातच होता. सरांचं घर तिथून चालत पाच मिनिटं. साऱ्या गोष्टीचा उलगडा त्याला त्याच क्षणी झाला. “सर, मी बरगीले हाय,” तो म्हणाला. “धरणाच्या ऑफिसात मशीन बिघडलं. संध्याकाळी येतो.”

फोन ठेवून त्यानं शटर हातभर फट उरेल एवढं खाली ओढलं आणि मागे उभा राहिला. तासाभरानं टेंपो समोरून गेला. शटरच्या फटीतून चाकं आणि खालची फळी तेवढी दिसली. संध्याकाळी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कानावर आलं की, ‘हे मशीनांत कुणी भरलं?’ असं त्या लोकांनी चारचारदा विचारलं, आणि दर वेळी गावंडे सर म्हणाले, “मीच.” ते ऐकल्यापासून श्रीरंगला आरशासमोर दाढी करणंही नकोसं झालं. बुडालो असतो तरी बरं, असं त्याला वाटायचं. पण तो बुडालाही नव्हता. मार्चमध्ये कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलं, एक पायरी वर चढवल्याचं. ते त्यानं ड्रॉवरच्या तळाशी घातलं. ऑगस्टमध्ये दुसरं आलं, नव्या धोरणानुसार आपली भागीदारी संपुष्टात येत आहे. खाली सही एकाचीच होती.

आणि आज पुन्हा नवमी.

देवीच्या मांडवांमुळे अर्धे रस्ते बंद होते. श्रीरंगला ते बरंच वाटलं. तो गल्ल्यागल्ल्यांतून वळसे घेत गेला आणि तरी शेवटी सरांच्या दारात पोचलाच.

टाइपरायटरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

आत बाकांवर, जिथे सात मशीनं असायची तिथे, जुने काळे टाइपरायटर मांडलेले होते. सरांनी ते माळ्यावर जुन्या धोतरांत गुंडाळून ठेवले होते, हे श्रीरंगला माहीत होतं. पूर्वी त्यानंच थट्टा केली होती, ‘भंगारवाला बी घेणार नाई, सर.’ आता चार ओळीनं बाकांवर होते. पाचवा खिडकीजवळ, आणि त्यावर शकु बसून टाइप करत होती. समोरच्या खोलीत, रस्त्यावरून दिसेल अशी. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे वळली.

“ये,” सर म्हणाले. ते खूप वाळले होते, पण धोतर तसंच कडक. “उशीर केला. पूजा थांबवून ठेवली तुयासाठी.”

“रस्ते बंद हायत, सर.”

“हाव, असतीन.”

श्रीरंगनं डबा उघडला. पहिल्या टाइपरायटरवर फुंकर मारली. धूळ नव्हतीच. सरांनी सगळे पुसून, तेल देऊन ठेवले होते. त्यानं हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. दुसरा, तिसरा, चौथा. कुंकू अक्षरांच्या दांड्यांवर ओघळत होतं. मागे शकुचा टाइपरायटर चालूच होता. नवमीला मशीन चालवत नाहीत, हे या घराला त्यानंच सांगितलेलं होतं.

“वकिलाचं काम हाय,” सर त्याची नजर पाहून म्हणाले. “आज पायजे त्यायले. ह्याच्यावर एक अक्षर चुकलं का पुरं पान फिरून करा लागते. प्रबंधवाले आता येत नाईत. एकाचा त अर्धा मशीनसंगच गेला, दीडशे पानं. त्याच्या घरी जाऊन माफी मांगून आली शकु.”

श्रीरंगला राहवेना. “सर,” तो म्हणाला, “ते यादी म्या देल्ली.”

“मालूम हाय.”

“कोणं सांगतलं?”

“कोणी नाई. मशीनं न्याले आलेल्या माणसानं बाहेर सात मोजले अन् म्हणे, आठवं कुठं हाय? कागदात आठ लिवले होते.” सर बाकावर बसले. “आठवं कोणाले मालूम होतं, श्रीरंग?”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. त्या चारही वेळा ‘मीच’ म्हणताना सरांना सगळं ठाऊक होतं.

“मंग तुमी मायं नाव काहून नाई घेतलं?”

“भरलं तुवा, पण भर म्हणून म्याच म्हटलं होतं न? पावती मांगितली होती का कधी तुले? मायबी पाप होतंच त्यात.” सर म्हणाले. “त्याचं काही नाई. तू आला नाई, त्याचं लागलं.”

“सर, त्या दिवशी मी बरगीले...” त्यानं सुरुवात केली आणि सोडून दिली. “दुकानातच होतो.”

“तेबी मालूम हाय. टेंपोत समोर बसलो होतो मी, ठाण्यात सही कराले जाऊन राहिलो होतो. तुया शटरखाली सँडल दिसत होते. मीच म्हटलं होतं तुले, दोन पट्ट्यायचे घे म्हणून.”

श्रीरंगनं खाली पाहिलं. पायांत तेच सँडल होते. आपले पाय कुठे लपवावेत हे त्याला कळेना. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती, आणि समोरचा माणूस साधा आवाजही चढवत नव्हता.

“वही आणली?” सरांनी विचारलं.

“डिकीत हाय.”

“घेऊन ये.”

त्यानं आणली. सरांनी फडकं सोडलं, पानं उलटत आपल्या नावापाशी आले, चष्मा चढवला आणि खिशातली पेन्सिल काढली. ‘आत १’ याच्याभोवती त्यांनी सावकाश एक गोल काढला. तसाच, जसा चाळीस वर्षं काढत आले होते. मग समासात लिहिलं, ‘चूक १’. वही मिटून त्याच्या हातात दिली.

“एका चुकीनं माया इथं कोणी नापास झालं नाई,” ते म्हणाले. “पण आठवं मशीन मायं नव्हतं. तिकडं जाय.”

खिडकीपर्यंत चार पावलं होती. श्रीरंग गेला. शकुचे हात थांबले नाहीत. तिच्या उजव्या हाताला पानावर पान पालथं घातलेलं होतं, डावीकडे वकिलाचा मसुदा. श्रीरंगनं डब्यात बोट बुडवलं. निदान कुंकू तरी लावावं.

“शकु,” तो म्हणाला, “तुया मशीनले...”

“मीच लावलं सकाळी, भैया,” शकु म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कुणा अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तसा तो सरळ होता. “आता माया मशीनले मीच लावत जाईन.”

खरंच, टाइपरायटरच्या डाव्या बाजूला हळदीकुंकवाची दोन बोटं लागलेली होती आणि वाळून घट्ट झाली होती. श्रीरंग तसाच उभा राहिला. ओळ संपली, घंटी वाजली, शकुनं हातानं कॅरेज मागे सारलं आणि पुढची ओळ सुरू केली. त्याच्या बोटावरचं कुंकू ओलंच होतं. ते कुठे पुसावं, हे त्याला समजेना.